कंपवात आणि माकडांचें ऋण

आमचे थोरले बंधु शाळामास्तर होते. त्यांचें अक्षर मोत्यासारखें. गांवांतील कित्येकांच्या लग्नपत्रिका आणि सरकारी अर्ज त्यांच्याच हातचे असत. साठी उलटल्यावर तें अक्षर लहान होऊं लागलें. ओळीच्या आरंभीं तें ठीक असे, आणि ओळ संपेतों मोहरीएवढें होई. मग उजवा हात स्वस्थ असतांनाच कांपूं लागला, चाल मंदावली, चेहऱ्यावरचे भाव मावळले. वैद्यांनीं कंपवात सांगितला, डॉक्टरांनीं पार्किन्सनचा रोग. दहा वर्षें गोळ्यांवर निभावलीं. पुढें गोळीचा गुण दोन तासांत उतरूं लागला, आणि तो चढलेला असतां सारें अंग आपोआप वळवळूं लागे. अखेर दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या मेंदूंत दोन बारीक तारा बसविण्यांत आल्या. छातीच्या कातडीखालीं घड्याळाएवढी विजेची डबी आहे. ती त्या तारांतून अहोरात्र सूक्ष्म विद्युत्प्रवाह सोडीत असते. कंप जवळजवळ थांबला. अक्षर पूर्वीचें आलें नाहीं, पण दुसऱ्यास वाचतां येईल इतकें आलें.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं तेथील एका तरुण डॉक्टरांनीं कागदावर चित्र काढून आम्हांस सर्व समजावून सांगितलें. बोलतां बोलतां ते म्हणाले, “तार जेथें जावयाची ती जागा आम्हांला माकडांनीं दाखविली.” आमचे दादा दर शनिवारीं मारुतीस तेल घालणारे. त्यांनीं विचारलें, “त्या माकडांचें पुढें काय झालें?” डॉक्टर किंचित् हंसले आणि दुसऱ्या गोष्टीकडे वळले. प्रश्न तेथेंच राहिला. पण दादांच्या मनांतून तो गेला नाहीं, आणि मग माझ्याहि मनांतून जाईना. मी इतिहासाचा अध्यापक. शरीरशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि कोणत्याहि लाभाची किंमत कोणीं भरली हें पाहणें इतिहासाच्या कक्षेबाहेरचें नाहीं, अशा समजुतीनें गेलें वर्षभर जें वाचलें, तें येथें क्रमानें मांडतों.

कंपवात, वेपथु हीं नांवें आपल्या वैद्यकांत जुनीं आहेत. पाश्चात्य वैद्यकांत या रोगाचें पहिलें व्यवस्थित वर्णन १८१७ सालीं लंडन येथील जेम्स पार्किन्सन यानें केलें. त्याच्या लहानशा निबंधांत अवघे सहा रुग्ण आहेत, आणि त्यांपैकीं कांहीं तर त्यानें रस्त्यांत जातां-येतां पाहिलेले. पुढें पॅरिसचे सुप्रसिद्ध धन्वंतरि शार्को यांनीं या रोगास पार्किन्सनचें नांव दिलें. याच शार्कोंचा एक उद्गार आपल्या विषयाच्या मुळाशीं आहे.

१८८१ च्या ऑगस्ट महिन्यांत लंडन येथें वैद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. मेंदूचा अमुक भाग अमुक अवयव चालवितो किंवा कसें, हा त्या वेळचा मोठा वाद होता. असा कांहीं विभाग नाहीं असें म्हणणाऱ्या जर्मन पंडित गोल्ट्झ यांनीं एक कुत्रा दाखविला. मेंदूचा बराच भाग काढून टाकलेला असूनहि तो हिंडत फिरत होता. प्रतिपक्षाच्या डॉ. डेव्हिड फेरिअर यांनीं एक माकड आणविलें. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा नेमका एक भाग काढलेला होता आणि त्याचीं उजवीं गात्रें लुळीं पडलीं होतीं. तें लंगडत सभेंत आलें तेव्हां शार्को उद्गारले, “हा तर रुग्णच!” आपल्या रुग्णालयांत रोज दिसणारा अर्धांगाचा रोगी त्यांस त्या माकडांत दिसला. वादाचा निकाल त्या क्षणीं फेरिअर यांच्या बाजूनें लागल्यासारखा झाला.

परंतु गोष्ट तेथें संपली नाहीं. इंग्लंडांत १८७६ सालीं प्राण्यांवरील प्रयोगांस परवान्याचें बंधन घालणारा कायदा झाला होता. १८८१ च्याच नोव्हेंबरांत प्राण्यांच्या कैवाऱ्यांनीं फेरिअर यांस लंडनच्या न्यायालयांत खेंचलें. शस्त्रक्रिया करणारे त्यांचे सहकारी डॉ. येओ यांजपाशीं परवाना होता, एवढ्यावर ते सुटले. माकड रुग्णासारखें असल्यामुळेंच शास्त्रज्ञांस त्याचा उपयोग. आणि तें रुग्णासारखें असल्यामुळेंच त्याचे कैवारी संतापलेले. दोन्ही पक्षांच्या हातीं शार्कोंचा तोच उद्गार होता. पुढील एकशें चाळीस वर्षांचा इतिहास मला या एका प्रसंगाचाच विस्तार वाटतो.

कंपवातांत मेंदूचें काय बिघडतें, हें माणसाच्याच प्रेतांवरून कळलें. मेंदूच्या देठाशीं काळसर पेशींचा एक पट्टा असतो. त्यास कृष्णद्रव्य म्हणूं. कंपवातानें मेलेल्यांत हा पट्टा फिकट पडलेला असतो व त्यांतील पेशी नाहींशा झालेल्या असतात, असें १९१९ सालीं त्रेत्याकोफ यांनीं पॅरिस येथें दाखविलें. या पेशी डोपामिन नांवाचें द्रव्य तयार करतात; पण तें कळावयास आणखी चाळीस वर्षें लागलीं, आणि त्या कथेंत आपल्या मुंबईचाहि एक धागा आहे. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं १९४९ सालीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत सर्पगंधेच्या रक्तदाबावरील गुणाचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि साऱ्या जगाचें लक्ष या मुळीकडे वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांत तिच्यांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. तें दिलेले ससे निश्चेष्ट बसून राहतात, आणि एल्-डोपा टोंचतांच पुन्हां हिंडूं लागतात, असें स्वीडनच्या कार्लसन यांनीं १९५७ सालीं दाखविलें. १९६० सालीं व्हिएन्ना येथें होर्निकिएविच यांस कंपवाताच्या मृत रुग्णांच्या मेंदूंत डोपामिनचा मोठा तुटवडा आढळला. १९६७ सालीं अमेरिकेंत कोत्सिआस यांनीं एल्-डोपा मोठ्या मात्रेंत पोटांत देऊन अंथरुणास खिळलेलीं माणसें चालतीं केलीं. हेंच एल्-डोपा १९३७ सालीं मद्रासच्या दामोदरन् व रामस्वामी यांनीं खाजकुइलीच्या बियांतून काढलें होतें. खाजकुइलीस संस्कृतांत कपिकच्छु म्हणतात. कच्छु म्हणजे खाज. माकडाचें नांव या रोगाशीं असें आधींच जडलेलें होतें म्हणावयाचें.

एल्-डोपानें हजारों रुग्णांस नवें आयुष्य दिलें. पण आमच्या दादांस आला तोच अनुभव कालांतरानें बहुतेकांस येऊं लागला. औषधाचा गुण आंखूड झाला आणि अंगाची वळवळ सुरू झाली. पुढचा मार्ग शोधण्यास रोगाचें प्रतिरूप हवें होतें. तें कोणत्याहि प्राण्यांत नीटसें मिळेना. आणि मिळालें तें एका विचित्र अपघातानें.

१९७६ सालीं अमेरिकेच्या मेरिलंड प्रांतांत रसायनशास्त्राचा एक तरुण विद्यार्थी स्वतःच्या नशेसाठीं घरींच एक मादक द्रव्य तयार करीत असे. एकदां घाईंत कृति चुकली. तें द्रव्य टोंचून घेतल्यावर थोड्याच दिवसांत त्याचें शरीर ताठरलें. तेविसाव्या वर्षीं त्याला कंपवात झाला. डॉक्टरांनीं त्याच्या पदार्थांची परीक्षा केली, उंदरांस ते टोंचून पाहिले. उंदीर थोडे मंदावले आणि पुन्हां धांवूं लागले. शोध तेथें अडला, आणि त्याचा वृत्तांत १९७९ सालीं एका नियतकालिकांत छापून जवळजवळ विस्मृतींत गेला. पुढें १९८२ सालीं कॅलिफोर्नियांत डॉ. लँग्स्टन यांजकडे असेच एकाएकीं पुतळ्यासारखे झालेले तरुण रुग्ण आले. सर्वांनीं चोरटें मादक द्रव्य टोंचून घेतलेलें. लँग्स्टन यांनीं तो जुना वृत्तांत शोधून दोन्ही टोंकें जुळविलीं. चार रुग्णांची हकीकत १९८३ सालीं प्रसिद्ध झाली. दोषी द्रव्याचें लांबलचक नांव सोडून त्यास सर्वत्र एम्. पी. टी. पी. म्हणतात. मेंदूंत गेल्यावर त्याचें विष बनतें. तें विष नेमकें डोपामिनच्या पेशींत शिरतें आणि त्यांची शक्ति निर्माण करणारी यंत्रणा बंद पाडतें.

उंदरानें जें सांगितलें नाहीं तें माकडानें सांगितलें. त्याच १९८३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थांतील बर्न्स, कोपिन इत्यादि संशोधकांनीं लाल तोंडाच्या माकडांस हें द्रव्य टोंचलें. माकडें वांकलीं, ताठरलीं, हालचाल मंद झाली, हात कांपूं लागले, तोंडांतून लाळ गळूं लागली. एल्-डोपा देतांच हीं लक्षणें ओसरलीं. पुढें सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांचें कृष्णद्रव्य पाहिलें तेव्हां तेथील पेशी मेलेल्या आढळल्या. शंभर वर्षांपूर्वीं शार्को जें म्हणाले तेंच या प्राण्यांकडे पाहून कोणीहि म्हटलें असतें. दादांच्या प्रश्नाचें उत्तरहि येथेंच आहे, आणि तें सरळ सांगणें प्राप्त आहे. मेंदूचे पातळ काप करून पाहिल्यावांचून असला प्रयोग पुरा होत नाहीं. म्हणून अशा प्रयोगांतील माकडें अखेर मारलीं जातात. त्यापूर्वीं कित्येकांस स्वतःच्या हातानें खातांहि येत नाहीं, तेव्हां माणसें त्यांस भरवितात.

यांतून जें निघालें तेंहि तितकेंच सरळ सांगितलें पाहिजे. अमेरिकेंतील डॉ. मॅहलन डिलाँग माकडांच्या मेंदूंतील एकेका पेशीचें विद्युत्स्पंदन अनेक वर्षें टिपीत होते. मेंदूच्या तळाशीं मसुराच्या आकाराचें एक लहानसें केंद्र आहे. डोपामिन आटलें म्हणजे तें बेफाम चालूं लागतें आणि हालचालींवर जणूं सततचा लगाम पडतो, असें दिसून आलें. १९९० सालीं बर्गमन, विख्मन व डिलाँग यांनीं कंपवात झालेल्या माकडांत हें केंद्र नष्ट केलें, तेव्हां विरुद्ध बाजूच्या गात्रांतील मंदत्व, ताठरपणा व कंप हीं तिन्ही ओसरलीं. ज्या केंद्राकडे शल्यवैद्य भीतीनेंच पाहत, तेंच उपचाराचें लक्ष्य ठरलें. इकडे फ्रान्समधील ग्रनोब्ल येथें डॉ. बेनाबिद यांनीं १९८७ पासून मेंदूच्या दुसऱ्या एका भागास तारेनें वीज देऊन नुसता कंप थांबविला होता. ती युक्ति त्यांस माणसावरील शस्त्रक्रियेंतच सुचली. तिचें श्रेय माकडांस देणें न्याय्य होणार नाहीं. परंतु वीज कोठें द्यावी म्हणजे कंपाबरोबर ताठरपणा व मंदत्वहि जाईल, तें माकडांनीं सांगितलें. १९९३ सालीं बोर्दो येथील संशोधकांनीं माकडांत आणि बेनाबिद यांनीं माणसांत त्या मसुराएवढ्या केंद्रास वीज दिली. आज जगभर लाखावर माणसांच्या मेंदूंत अशा तारा आहेत. आमचे दादा त्यांतले एक.

एवढ्यावरून माकड म्हणजे माणसाची हुबेहूब प्रतिमा असें कोणीं समजूं नये. विषानें झालेला कंपवात थोड्या दिवसांत येतो आणि तेथेंच थांबतो. माणसाचा वर्षानुवर्षें वाढत जातो. लक्षणें हालविणारे उपाय माकडांनीं बरोबर दाखविले, पण रोगाची वाढ रोखणारे उपाय शोधतांना त्यांनीं अनेकदां फसविलें. पेशींचें पोषण करणाऱ्या जी. डी. एन्. एफ्. या द्रव्यानें अशीं माकडें सुधारलीं असें १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. मोठी आशा उत्पन्न झाली. परंतु माणसांवरील काटेकोर चांचण्यांत तो लाभ सिद्ध झाला नाहीं. कंपवाताची वाढ थांबविणारें औषध अद्यापहि हातीं आलेलें नाहीं.

रोग हा एक भाग. पण निव्वळ वार्धक्यानें मेंदूचें काय होतें, हाहि प्रश्न माकडांपुढेंच ठेवण्यांत आला, आणि येथें इतिहास जरा सौम्य आहे. लाल तोंडाचें माकड विसाव्या वर्षीं म्हातारें होतें, तिशी क्वचितच ओलांडतें. त्याचें एक वर्ष आपल्या सुमारें तीन वर्षांएवढें. त्याच्यापुढें दोन खळगे ठेवावयाचे, त्याच्या देखत एकांत खाऊ लपवावयाचा, दोन्ही झांकावयाचे, आणि मध्यें कांहीं सेकंद पडदा धरावयाचा. पडदा वर गेल्यावर तरुण माकड बरोबर खळग्याकडे हात नेतें. म्हाताऱ्याचें, पडदा जितका लांबेल तितकें अधिक चुकतें. बार्टस यांनीं १९७८ सालीं हें दाखविलें. देवघरांतून स्वयंपाकघरांत आल्यावर आपण कशाला आलों तें न आठवणें, हा आम्हां पन्नाशी ओलांडलेल्यांचा नित्याचा अनुभव हाच. पडदा खालीं असतांना कपाळामागील भागांतल्या कांहीं पेशी आठवण जागती ठेवण्यासाठीं सारख्या स्पंदत असतात. वृद्ध माकडांत तें स्पंदन क्षीण होतें, आणि विशिष्ट औषधांनीं तें अंशतः परत येतें, असें येल विद्यापीठांतील संशोधकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलें. म्हातारपणीं मेंदूच्या पेशी रोज असंख्य मरतात ही समजूतहि माकडांच्या मेंदूंवरून ढिली पडली. बोस्टन येथील संशोधकांस वृद्ध माकडांच्या मेंदूच्या सालींतील पेशी बहुतेक शाबूत आढळल्या. बिघडलेलीं होतीं तीं पेशींच्या तंतूंवरील आवरणें. वृद्ध माणसाप्रमाणें वृद्ध माकडाच्या मेंदूंतहि चिवट प्रथिनाचे ठिपके सांचतात. परंतु आल्झायमरचा स्मृतिभ्रंश माणसास जसा पूर्ण रूपानें ग्रासतो तसा माकडास ग्रासलेला दिसत नाहीं. हा फरक कां, हाच आतां संशोधनाचा विषय आहे.

मिताहाराची परीक्षाहि अशीच झाली. अमेरिकेंत १९८७ व १९८९ पासून दोन ठिकाणीं माकडांस नेहमींपेक्षां सुमारें तीन-दशांश कमी अन्न देऊन वर्षानुवर्षें पाळलें. विस्कॉन्सिनच्या शास्त्रज्ञांनीं २००९ सालीं सांगितलें कीं, मिताहारी माकडें रोगांस कमी बळी पडतात आणि त्यांच्या मेंदूचे कांहीं भाग कमी झिजतात. २०१२ सालीं दुसऱ्या ठिकाणच्यांनीं सांगितलें कीं, आयुष्य कांहीं वाढत नाहीं. २०१७ सालीं दोघांनीं आपले हिशेब एकत्र मांडले, तेव्हां आहाराचा प्रकार व वय यांतील फरकांमुळें हा मतभेद झाल्याचें दिसलें, आणि मिताहार एकंदरींत हितकर असें ठरलें.

आतां हीं माकडें आलीं कोठून तें पाहूं. हा आपल्या घरचाच इतिहास आहे. अमेरिकेंतील प्रयोगशाळांतलें लाल तोंडाचें माकड हें मूळचें उत्तर हिंदुस्थानचें. १९३८ सालीं कार्पेंटर नांवाच्या शास्त्रज्ञानें येथून नेलेलीं सुमारें चारशें माकडें पोर्तो रिकोजवळील कायो सांतियागो या चिमुकल्या बेटावर सोडलीं. पुढें पोलिओची लस माकडांच्या मूत्रपिंडांच्या पेशींवर तयार होऊं लागली, आणि १९५० नंतरच्या दशकांत एकेका वर्षीं लाखावर माकडें पिंजऱ्यांतून परदेशीं गेलीं. ज्या गांवांत मारुतीचें देऊळ त्याच गांवाभोंवतींचीं माकडें पकडून विकलीं जात होतीं. त्या लशीनें असंख्य मुलांचे पाय वांचविले, हेंहि विसरतां येत नाहीं. वैद्यकीय उपयोगासाठींच माकडें वापरूं, अशी आश्वासनें देण्यांत आलीं होतीं. परंतु अमेरिकेंत लष्करी हेतूनें माकडांवर किरणोत्साराचे प्रयोग होतात हें उघडकीस आलें, तेव्हां मोरारजी देसाई यांच्या सरकारनें निर्यातबंदी जाहीर केली, आणि १ एप्रिल १९७८ पासून ती अंमलांत आली. एके काळीं मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असलेल्या या गृहस्थांचे पुष्कळ निर्णय वादग्रस्त ठरले. हा मला निःसंशय योग्य वाटतो. बंदीनें संशोधन थांबलें नाहीं. परदेशांत माकडांची पैदास होऊं लागली, इतर देशांतून तीं येऊं लागलीं. पण वस्तु दुर्मिळ झाली म्हणजे ती जपून वापरतात, तसें कांहीं प्रमाणांत झालें.

कायो सांतियागोवरील माकडें त्या चारशांचींच संतति. बेटावर तीं मोकळीं राहतात आणि शास्त्रज्ञ त्यांचीं कुळें, मैत्र्या, भांडणें टिपीत असतात. २०१७ सालीं मारिया नांवाच्या चक्रीवादळानें बेटावरची झाडी उध्वस्त केली. वादळानंतर त्यांचीं रक्तें तपासलीं, तेव्हां त्यांच्या रोगप्रतिकारक पेशी सरासरीनें दोन वर्षांनीं अधिक म्हाताऱ्या झालेल्या आढळल्या, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालें. आपत्तीनें माणूस लौकर म्हातारा होतो हें आजीबाईंचें म्हणणें अशा रीतीनें माकडांनीं पडताळून दिलें. आणि त्यासाठीं त्यांच्यावर रोग लादावा लागला नाहीं.

हा सर्व हिशेब पुढें ठेवून निर्णय काय द्यावा? इंग्लंडांत २००६ सालीं ऑक्सफर्ड येथें प्राण्यांच्या नव्या प्रयोगगृहावरून दोन्ही पक्ष रस्त्यावर उतरले होते. पूर्व बंगालांत जन्मलेले मेंदूचे शल्यवैद्य टिपू अझीझ यांनीं तेव्हां प्रयोगांची बाजू उघडपणें घेतली. १९९१ सालीं माकडांतील त्याच केंद्रावर त्यांनीं स्वतः काम केलेलें होतें आणि पुढें त्यांच्या हातून अनेक रुग्णांचा कंप थांबला होता. त्यांच्या धैर्याविषयीं मला आदर आहे. दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंहि मला खोडून काढतां येत नाहीं. माकड आपल्यासारखें नसेल तर प्रयोग व्यर्थ. आणि असेल, तर खळगा आठवणारा, भीति जाणणारा, पिलास उराशीं धरणारा जीव आपण पिंजऱ्यांत घालीत आहों. जितकें साम्य अधिक तितका प्रयोगाचा उपयोग अधिक, आणि तितकाच अपराधहि अधिक. अमेरिकेच्या आरोग्यसंस्थांनीं २०१५ सालीं चिंपान्झींवरील प्रयोगांस आश्रय देणें बंद केलें, तें याच साम्याच्या जाणिवेनें.

मी माझ्यापुरता निर्णय केला आहे तो असा. दादांच्या मेंदूंतील तार काढून टाका, असें मी म्हणणार नाहीं. म्हणालों तर तें ढोंग होईल. त्याच कारणास्तव, तार घेऊन तिचें मोल कोणींच दिलें नाहीं असें वागणेंहि मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. जेथें उंदीर, प्रेत, किंवा जिवंत माणसाच्या मेंदूचें छायाचित्र पुरेसें आहे तेथें माकड नको. जेथें तें अपरिहार्य वाटतें तेथें लोकांपासून लपवालपव नको. किती वापरलीं, कशासाठीं, आणि निघालें काय, हें उघड असावें. आणि ज्यांचा प्रयोग संपूनहि जीव उरतो त्यांस म्हातारपणीं मोकळी जागा मिळावी. हें ऋण फिटणारें नाहीं. पण तें नाकारणें आणि मान्य करणें यांत अंतर आहे.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं मीं दादांस वाचून दाखविला. शेवटीं त्या माकडांचें काय होतें, तें जेथें लिहिलें आहे, तें वाक्य फार कठोर झालें, गाळूं का, असें मीं विचारलें. त्यांनीं हस्तलिखित मागून घेतलें, तें पान काढलें, आणि समासांत आपल्या किंचित् थरथरत्या पण स्वच्छ अक्षरांत लिहिलें, “राहूं द्यावें.”